बेटावरचं गाव बंद करायचं का, हे विचारायच्या आधी

समुद्रात दूर कुठंतरी एक बेट असतं, त्याच्या एका बाजूला धक्का, धक्क्याभोवती दोनशे-तीनशे माणसांचं गाव. कधीतरी त्या गावाची बोट तोट्यात जाते, किंवा शाळेत चारच पोरं उरतात, किंवा जनरेटर बदलायला मोठी रक्कम लागते, आणि वाद सुरू होतो. जगातलं कुठलंही बेट घ्या, वाद तोच. एक जण सरकारचा सगळा खर्च काढतो, त्याला डोक्यांनी भागतो आणि म्हणतो बघा, माणशी एवढे, यात प्रत्येकाला शहरात घर घेऊन देता येईल. दुसरा चिडतो आणि संस्कृती, परंपरा, निसर्ग, शांतता हे सगळं काढून म्हणतो पैशात काय मोजता. पुढं काहीच होत नाही. मला दोन्ही बाजूंचा राग येतो, कारण ज्यांच्याबद्दल हे चाललंय ती माणसं एकाच्या बोलण्यात फक्त आकडा असतात आणि दुसऱ्याच्या बोलण्यात नुसतं चित्र, त्यांना काय हवंय हे दोघांपैकी कुणीच विचारलेलं नसतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. बेटावरच्या गावाची बोट हा त्या गावाचा रस्ता आहे आणि रस्ता ही मेहेरबानी नसते. गावात राहायचं की गाव सोडायचं हा निर्णय तिथल्या लोकांचा, पण तो त्यांना धड बोट, धड वीज, नर्स आणि शाळा देऊन, काही वर्षं ते नीट चालवून, मग विचारायचा. आधी सगळं हळूहळू काढून घ्यायचं, लोक कंटाळून अर्धे निघून गेले की उरलेल्यांना विचारायचं येता का आता इकडे, आणि ते हो म्हणाले की बघा त्यांनीच मागितलं असं जाहीर करायचं, हा प्रकार गेली शंभर वर्षं चालू आहे आणि तो थांबला पाहिजे.

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात जड मुद्दा आधी घेऊ, कारण तो खरंच जड आहे. सरकारचा पैसा म्हणजे कुणाचा तरी टॅक्स, आणि तो एका ठिकाणी गेला की दुसऱ्या ठिकाणी जात नाही. पन्नास माणसांच्या बेटासाठी फेरीबोट, वीजकेंद्र आणि नर्स ठेवायची, आणि तिकडे मुख्य भूमीवरच्या गरीब वस्तीत दवाखान्याला औषधं नाहीत, तर त्या वस्तीतल्या बाईनं का ऐकून घ्यायचं? हा प्रश्न विचारणारा माणूस निर्दयी नसतो. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड प्रांतात लिटल बे आयलंड्स नावाचं गाव होतं. शेवटी तिथं पन्नासेक लोक उरले, बहुतेक म्हातारे. आधीच्या एका मतदानात स्थलांतराच्या बाजूनं ८९ टक्क्यांच्या वर मतं पडली, पण ९० टक्क्यांची अट होती म्हणून ते अगदी थोडक्यात फसलं. २०१९ मध्ये पुन्हा मतदान झालं आणि सगळ्यांनी हो म्हटलं. सरकारनं घरटी अडीच लाख डॉलर आणि त्याच्या वर पैसे दिले आणि ३१ डिसेंबर २०१९ ला वीज, बोट सगळं बंद केलं. एवढे पैसे देऊनही पुढच्या वीस वर्षांत सरकारची बचतच होणार होती, हे खरंय. लोकांनी स्वतः मागितलं हेही खरंय. त्यामुळं कुठलंच गाव कधीच बंद होऊ नये असं मी म्हणत नाहीये.

पण माणशी खर्चाचं हे गणित जरा उलगडून बघा. भागाकारात वर खर्च असतो, खाली माणसं. बोटीच्या फेऱ्या आठवड्याला चारवरून दोनवर आणल्या तर खर्च अर्धा होत नाही, कारण बोट, खलाशी, धक्का, दुरुस्ती हे सगळं तेवढंच राहतं. माणसं मात्र जातात, कारण आठवड्याला दोन फेऱ्यांत मासळी वेळेवर बाजारात पोचत नाही आणि आजारी पोराला घेऊन चार दिवस थांबता येत नाही. खालचा आकडा लहान झाला की माणशी खर्च वाढतो, तो वाढला की आणखी कपात, कपातीनं आणखी माणसं जातात. म्हणजे आपणच खाली ढकलायचं आणि मग बघा किती खाली गेलं म्हणून दाखवायचं. शिवाय हा भागाकार फक्त बेटांनाच का लावतात? डोंगरातल्या शेवटच्या वाडीपर्यंत जाणारा रस्ता, तो दर पावसाळ्यात खचतो, दर वर्षी दुरुस्त होतो, त्याचा माणशी खर्च काढून वाडी उठवा असं कुणी म्हणतं का? म्हणत नाही आणि म्हणूही नये. रस्ता डोळ्याला रस्ता दिसतो म्हणून त्याला सबसिडी म्हणत नाहीत, बोट दिसायला धंदा वाटते म्हणून तिला म्हणतात, एवढाच फरक आहे. स्कॉटलंडनं निदान तत्त्व म्हणून हे मान्य केलं, २००८ मध्ये त्यांनी काही बेटांसाठी असं भाडं सुरू केलं की तेवढंच अंतर रस्त्यानं गाडी चालवून गेलं असतं तर जो खर्च आला असता त्याच्या हिशोबानं बोटीचं तिकीट, आणि २०१५ पर्यंत ते पश्चिम किनाऱ्यावरच्या बोटींच्या सगळ्या जाळ्याला लागू केलं. त्याचा त्रासही झाला. भाडं उतरलं तसे उन्हाळ्यात पर्यटकांच्या गाड्या वाढल्या आणि बेटावरच्याच माणसाला बोटीवर जागा मिळेना. पण याला उपाय बोटी वाढवणं हा आहे, तत्त्व सोडणं हा नाही.

आयर्लंडच्या पश्चिम टोकाला ग्रेट ब्लास्केट बेट आहे, मुख्य भूमीपासून जेमतेम दोनेक किलोमीटर. एके काळी तिथं दीडशेच्या वर माणसं राहायची. धड धक्का नव्हता, हिवाळ्यात समुद्र खवळला की आठवडेच्या आठवडे संपर्क तुटायचा. १९४६-४७ च्या हिवाळ्यात तिथला एक तरुण मेंदूज्वरानं गेला, वादळामुळं त्याच्यापर्यंत डॉक्टर पोचू शकला नाही. १९४७ मध्ये बेटावरून थेट पंतप्रधान डी व्हॅलेरांना तार गेली की वादळात अडकलोय, खायला काही नाही, अन्न पाठवा. १९५३ मध्ये शेवटच्या २२ जणांना हलवलं. आता सांगा, दोन किलोमीटरवरचं गाव समुद्रानं मारलं का? भर हिवाळ्यात माणूस उतरवता येईल असा धक्का आणि खवळलेल्या पाण्यात टिकेल अशी बोट, एवढ्यावर ती गोष्ट अडली होती, आणि हे दोन्ही त्या काळात माणसाला बांधता येत होतं.

सेंट किल्डाचं उदाहरण तर विरोधी बाजूचं आवडतं, कारण तिथल्या लोकांनी स्वतः अर्ज केला होता. स्कॉटलंडच्या पश्चिमेला, हेब्रिडीज बेटांच्याही पलीकडे साठेक किलोमीटर आत. १९३० च्या सुरुवातीला तिथली एक गरोदर बाई आजारी पडली, तिला मुख्य भूमीवर नेईपर्यंत आठवडे गेले आणि ती दवाखान्यात वारली. त्याच वर्षी मे महिन्यात लोकांनी सरकारला लिहिलं की आम्हाला इथून न्या, आणि २९ ऑगस्टला उरलेली ३६ माणसं नौदलाच्या जहाजातून गेली. अर्ज खरा आहे, सह्या खऱ्या आहेत, मी त्या नाकारत नाही. पण त्याच्या आधीची दहा-पंधरा वर्षं बघा. पहिल्या महायुद्धात नौदलानं तिथं ठाणं टाकलं होतं, त्यामुळं वायरलेस होता, जहाजं नियमित यायची, सामान यायचं, बातमी यायची. युद्ध संपलं आणि ठाणं उठलं, त्याबरोबर जहाजंही गेली. नियमित संपर्क म्हणजे काय हे एकदा बघितलेली तरुण पोरं मग तिथं कशी थांबतील? १९२० मध्ये ७३ माणसं होती, १९२८ मध्ये ३७. मग अर्ज आला. मुख्य भूमीवर आणल्यावर त्यातल्या काही पुरुषांना वनखात्यात कामं दिली, ज्या बेटावर झाडं नाहीत तिथल्या माणसांना झाडं लावायची कामं.

आणि याच्या पुढची गोष्ट कुणी सांगतच नाही. माणसं हलवल्यावर २७ वर्षांनी, १९५७ मध्ये, त्याच बेटावर लष्करानं क्षेपणास्त्रांच्या चाचण्यांवर लक्ष ठेवायला रडार केंद्र उभं केलं. वीज आली, रस्ता झाला, सामान पोचवायची सोय झाली, आजारी माणसाला उचलून नेण्याची व्यवस्था झाली. १९३० मध्ये जे अशक्य होतं ते १९५७ मध्ये शक्य झालं. तंत्रज्ञान सुधारलं होतं हे मान्य, पण तेवढंच झालं होतं का? गावातल्या बाईसाठी जी सोय परवडत नव्हती ती रडारसाठी परवडली. म्हणून बेट परवडत नाही असं कुणी म्हणालं की मी आधी विचारतो, कुणासाठी परवडत नाही?

याचं सगळ्यात क्रूर रूप हिंदी महासागरात झालं, चागोस बेटांवर. त्यातल्या दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेला लष्करी तळ हवा होता, ब्रिटननं १९६५ मध्ये ती बेटं मॉरिशसपासून तोडून वेगळी केली आणि १९६८ ते १९७३ च्या दरम्यान तिथली दीड-दोन हजार माणसं काढली. कसं काढलं ते बघण्यासारखं आहे. उपचाराला किंवा नातेवाइकांकडे मॉरिशसला गेलेल्यांना परतीची बोटच मिळेना. मग सामानाची जहाजं कमी केली, धान्य-औषधं संपायला लागली, काही लोक स्वतःहून निघाले. उरलेल्यांना शेवटी जहाजात घालून नेलं. कागदावर ही माणसं कायमचे रहिवासी नाहीतच, कंत्राटी मजूर आहेत अशी मांडणी करून ठेवली होती, खरं तर त्यातली कित्येक कुटुंबं पिढ्यानपिढ्या तिथंच होती. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानं मत दिलं की चागोस वेगळं काढणं बेकायदेशीर होतं. लिटल बे आयलंड्स आणि चागोस एकाच तराजूत घालता येत नाहीत हे मला कळतं, एकीकडे लोकांचं मतदान होतं आणि दुसरीकडे फसवणूक. पण बोट कमी करणं हे माणसं हलवायचं हत्यार म्हणून वापरता येतं हे चागोसनं दाखवून दिलंय, त्यामुळं जिथं जिथं बोट कमी होते तिथं हेतू काय हे विचारायचा हक्क लोकांना आहेच.

ज्यांना फक्त पैशाचीच भाषा कळते त्यांच्यासाठीही एक मुद्दा आहे आणि तो या वादात फारसा येत नाही. १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या समुद्र कायद्यात कलम १२१ आहे. त्यानुसार बेटाभोवती २०० सागरी मैलांपर्यंतच्या पाण्यावर त्या देशाचा आर्थिक हक्क राहतो, मासे, तेल, वायू सगळ्यावर. पण ज्या खडकावर माणसांची वस्तीही टिकू शकत नाही आणि स्वतःचं आर्थिक जीवनही टिकू शकत नाही त्याला हा हक्क नाही. एकटं बेट असेल, जवळपास दुसऱ्या देशाचा किनारा नसेल, तर २०० मैल त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे चार लाख चौरस किलोमीटरच्या वर समुद्र झाला. २०१६ मध्ये दक्षिण चीन समुद्राच्या वादात लवादानं आणखी स्पष्ट केलं की बाहेरून रसद पुरवून ठेवलेले अधिकारी-सैनिक म्हणजे वस्ती नव्हे, तिथं घर करून राहणारा समाज लागतो. आणि ब्रिटननं १९९७ मध्ये या करारात सामील होताना रॉकॉल नावाच्या ओसाड खडकापासून धरलेली मासेमारीची हद्द सोडून दिली, मोजणी कुठून धरली माहितीये? सेंट किल्डापासून. आता बेटावरच्या गावाचा खर्च मांडताना ही बाजू कुणी धरतं का? तीनशे माणसांवर किती खर्च होतो हे मोजायचं आणि त्यांच्या असण्यानं देशाचा समुद्रावरचा दावा पक्का होतो ते मोजायचंच नाही, हा हिशोब अर्धा आहे. अर्थात ती माणसं हद्दीचे दगड म्हणून तिथं राहत नाहीत आणि कुणी त्यांना तसं वापरूही नये, पण जमाखर्च मांडायचाच असेल तर जमेची बाजूही लिहा.

आता खर्चाचीही जी बाजू लपते ती. न्यूफाउंडलंडमध्ये १९५४ ते १९७५ या काळात सरकारी योजनेखाली सुमारे ३०० गावं आणि ३० हजार माणसं हलली, त्यातली कितीतरी छोट्या छोट्या बेटांवरची. लोकांनी घरंच्या घरं पाण्यावर तरंगवत, बोटींनी ओढत नवीन जागी नेली. सुरुवातीला अट होती की गावातल्या शंभर टक्के लोकांनी हो म्हटलं पाहिजे. १९६५ च्या योजनेत ती ९० टक्क्यांवर आली, नंतर ८० वर. अट खाली येते तसा गावातला दबाव वाढतो, शिक्षक आणि पाद्री आधी जातात, शेजारी शेजाऱ्याला म्हणतो तुझ्यामुळं आमचे पैसे अडलेत. हे भांडण सरकारच्या वहीत कुठल्या रकान्यात लिहायचं? ज्या विकासकेंद्रांत या लोकांना आणलं तिथं नोकऱ्या तयार असतील असं सांगितलं होतं. कित्येक ठिकाणी त्या नव्हत्याच. ज्याला आपल्या बेटाभोवतीची मासे लागायची प्रत्येक जागा ठाऊक होती तो परक्या पाण्यात नवखा झाला, काही जण उन्हाळ्यात परत आपल्या जुन्या गावाजवळ जाऊन मासेमारी करायचे. आपल्याकडे पुनर्वसन म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगायला लागू नये. कोयनेच्या धरणासाठी उठलेल्या गावांचे प्रश्न साठ वर्षांनंतर, तिसऱ्या पिढीतही आंदोलनात येतात. माणूस हलवला की खर्च संपला असं धरणारं गणित कुठल्या देशात बरोबर आलंय?

पुढचा आक्षेप मला जास्त अस्वस्थ करतो. तो असा की तरुण पोरं स्वतःच जातात, त्यांना कुणी हाकलत नाही, आणि चार मुलांच्या शाळेत मुलाला अडकवून ठेवणं हा त्या मुलावर अन्याय आहे. यातलं पहिलं वाक्य खरं आहे. सोळा वर्षांच्या मुलीला जग बघायचं असतं आणि तिनं बघावं. दुसरंही बऱ्याच अंशी खरं आहे, चांगली प्रयोगशाळा, वेगवेगळे शिक्षक, बरोबरीची पोरं हे छोट्या बेटावर मिळत नाही. पण यावरून गाव बंद करा हा निष्कर्ष कसा निघतो? मुख्य भूमीवरच्या खेड्यातली पोरंही जातातच की. खरा प्रश्न ती जातात का हा नसून परत यायची इच्छा झाली तर येता येईल का हा आहे, म्हणजे तिथं घर मिळेल का, काम मिळेल का, बाळंतपणाला वेळेवर नेता येईल का.

दक्षिण अटलांटिकमध्ये ट्रिस्टन दा कुन्हा बेटावर एडिनबरा ऑफ द सेव्हन सीज नावाचं एकच गाव आहे, सगळ्यात जवळची वस्ती म्हणजे सेंट हेलेना, ती सुद्धा सुमारे २४०० किलोमीटरवर. विमानतळ नाही, केपटाऊनहून जहाजाला आठवडाभर लागतो. १९६१ मध्ये गावाच्या अगदी शेजारी ज्वालामुखी फुटला आणि सगळ्या २६४ जणांना इंग्लंडला नेलं. तिथं त्यांना घरं मिळाली, कामं मिळाली, दुकानं, सिनेमा, डॉक्टर सगळं. पुष्कळांना वाटलं आता हे कशाला परत जातील. १९६२ च्या शेवटी मतदान झालं, परत जायच्या बाजूनं १४८, विरोधात ५. १९६३ मध्ये बहुतेक सगळे परत गेले, आजही तिथं दोनशेच्या वर माणसं आहेत, लॉबस्टर विकून बराचसा खर्च भागवतात. त्यांनी दोन्ही आयुष्यं जगून बघितली होती आणि मग निवड केली. मी जे मागतोय ते हेच आहे, दोन्ही दारं उघडी ठेवून विचारा.

काय केल्यानं गाव टिकतं याचाही अनुभव आहे. फोगो हे न्यूफाउंडलंडचंच बेट, १९६० च्या दशकात तिथल्या लोकांवरही गाव सोडा म्हणून दबाव होता. १९६७ मध्ये विद्यापीठाचे लोक आणि सरकारी फिल्म बोर्डाचे लोक कॅमेरे घेऊन तिथं गेले. प्रत्येक गावातल्या माणसांना बोलतं केलं, ते चित्रीकरण शेजारच्या गावात दाखवलं, मंत्र्यांना दाखवलं, त्यांचं उत्तर परत बेटावर आणून दाखवलं. बेटावर वेगवेगळ्या पंथांची, एकमेकांशी फारसं न बोलणारी गावं होती, त्यांना पहिल्यांदा कळलं की सगळ्यांचं दुखणं एकच आहे. त्यातून मच्छीमारांची सहकारी संस्था उभी राहिली, मोठ्या बोटी बांधल्या, मासळीवर प्रक्रिया करायचं काम हातात घेतलं. १९९२ मध्ये कॉड मासेमारीवर बंदी आली, अख्खा प्रांत कोसळला, पण फोगोची संस्था खेकडे आणि कोळंबीकडे वळून तरली. आज तिथं दोनेक हजार माणसं आहेत. तिकडे स्कॉटलंडच्या एग बेटावर साठेक माणसं उरली होती, जमीनदार बदलत राहायचे, भाडेकरूला घर दुरुस्त करायचीही खात्री नव्हती. १९९७ मध्ये लोकांनी ट्रस्ट करून बेटच विकत घेतलं. २००८ मध्ये वारा, पाणी आणि ऊन यांच्यावर चालणारी स्वतःची वीज उभी केली, एका घराला एका वेळी ५ किलोवॅटच्या वर वापरायची नाही असा नियम सगळ्यांनी मान्य केला. आता तिथं शंभरावर लोक आहेत. याउलट स्कॉटलंड सरकारनं २०२१ मध्ये बेटावर राहायला येणाऱ्या कुटुंबांना ५० हजार पौंडांपर्यंत द्यायची योजना काढली, बेटावरच्यांनीच सांगितलं की आम्हाला घरं द्या, बोटी नीट चालवा, असे पैसे वाटून काही होणार नाही, आणि २०२२ मध्ये ती गुंडाळली. जमीन, घर, बोट, वीज आणि कामाची मालकी, या गोष्टी लोकांच्या हातात आल्या तिथं लोक राहिले. हे काही गूढ नाही.

आणि म्हणूनच बेटांच्या बाजूनं बोलणाऱ्या रोमँटिक मंडळींवरही माझा राग आहे. ज्यांना ते गाव जसंच्या तसं हवं असतं, पवनचक्की नको कारण देखावा बिघडतो, नवीन घरं नकोत, मोबाईलचा टॉवर नको. उन्हाळ्यात महिनाभर येऊन राहायला तिथलंच घर विकत घ्यायचं, किंमत वर न्यायची, अकरा महिने कुलूप लावायचं, आणि गाव ओस पडतंय म्हणून हळहळायचं. अशा कुलूपबंद घरांनी शाळा भरत नाही. शांतता हवी म्हणून दुसऱ्याला अंधारात ठेवायचा हक्क कुणालाच नाही. मुंबईपासून दहा किलोमीटरवर घारापुरी आहे, लेण्यांना १९८७ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, जगभरातून पर्यटक येत राहिले, आणि तिथल्या गावांत समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज पोचली ती २०१८ मध्ये. लेणी बघायला जाणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी तिथं राहणाऱ्यांच्या घरात रात्री दिवा लागतो का याची चौकशी केली होती?

उरला सगळ्यात अवघड मुद्दा, समुद्राची वाढती पातळी. इथं मी मान्यच करतो की काही गावं टिकणार नाहीत. अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातल्या आयल दे जीन चार्ल्स बेटाची ९८ टक्के जमीन १९५५ पासून पाण्यात गेली, त्याला नुसता समुद्र कारण नव्हता, तेलासाठी खोदलेले कालवे आणि गाळ अडवणारे बांध हेही होते, पण गेलेली जमीन आता परत येत नाही. तिथं शेवटचा माणूस बुडेपर्यंत राहू द्या म्हणणं हा हक्कांचा आदर होत नाही. पण हवामानाचं कारण सगळ्यांना सारखं लावलं जातंय का? व्हेनिस हेही बेटांवरचंच शहर आहे, जुन्या भागात आता ५० हजारांहून कमी लोक राहतात, आणि त्याला भरतीपासून वाचवायला पाच अब्ज युरोंच्या वर खर्चून समुद्रात उचलता येणारे दरवाजे बसवले, २०२० पासून ते वापरात आहेत. चांगलं केलं. तिथं माणशी किती पडले हा भागाकार कुणी केला नाही, आणि अलास्कातल्या शिशमारेफला मात्र तो पहिल्याच दिवशी सांगितला गेला.

शिशमारेफ हे सहाशेक लोकांचं गाव, इनुपियाट या अलास्कातल्या आदिवासींचं, एका अरुंद बेटावर. किनाऱ्याला वादळांपासून वाचवणारा बर्फ उशिरा जमायला लागला आणि जमीन ढासळायला लागली. त्यांनी २००२ मध्ये हलायचं ठरवलं, २०१६ मध्ये पुन्हा मतदान केलं, ८९ विरुद्ध ७८. बघा किती काठावरचं मतदान आहे, इतक्या उघड धोक्यातही जवळजवळ निम्म्या लोकांना राहायचं होतं. आणि ज्यांनी हलायचं म्हटलं त्यांनाही हलता आलेलं नाही, कारण नवीन जागी गाव वसवायला जो पैसा लागतो तो मिळाला नाही. म्हणजे राहणाऱ्यांना सांगायचं तुमच्यावर खर्च करणं परवडत नाही, आणि जाणाऱ्यांनाही तेच सांगायचं. याच्या उलट पनामातलं गार्डी सुगदुब बेट. तिथल्या गुना आदिवासींनी २०१० च्या सुमारास स्वतःच ठरवलं, मुख्य भूमीवरची स्वतःचीच जमीन निवडली, चौदा वर्षं सरकारच्या मागं लागले, आणि जून २०२४ मध्ये तीनशेक कुटुंबं नव्या गावात गेली. काही जण अजून बेटावरच आहेत. आयल दे जीन चार्ल्सला २०१६ मध्येच ४.८ कोटी डॉलर मंजूर झाले होते, पैसा होता, पण पुढं राज्य सरकारनं ठरवायचं काम आपल्या हातात घेतलं आणि आम्हाला बाजूला सारलं असं तिथल्या आदिवासी जमातीचं म्हणणं आहे, त्यांनी रीतसर तक्रारही केली.

म्हणून बुडणाऱ्या बेटालाही माझी अट तीच आहे. मतदान घ्यायचं तर त्याच्या आधी गावासमोर कागद ठेवा, राहिलात तर पुढची दहा वर्षं बोट, वीज आणि नर्स किती आणि कशी मिळेल, गेलात तर जमीन कुठं, मासेमारीचा हक्क कुठल्या पाण्यात, शेजारी शेजारीच राहतील का. न्यूफाउंडलंडनं २०२१ मध्ये मतांची अट ९० वरून ७५ टक्क्यांवर आणली. एक-दोन घरांमुळं सगळं गाव अडून राहू नये यासाठी ते एका अर्थी ठीकच आहे, पण मग नाही म्हणणाऱ्या २५ टक्क्यांसाठी काय व्यवस्था हे त्याच कागदावर लिहिलेलं असायला हवं. सगळे सोडून गेल्यावर ज्याला बेटावरच मरायचंय त्याची वीज तोडायची तर तोडा, पण महिन्यातून एकदा तरी बोट त्याच्या धक्क्याला लागेल की नाही, हे त्याला मत द्यायच्या आधी माहीत असायला हवं.